व्ही.पी.ने आलेले राणीचे केस

माणसाचा माणसावरचा विश्वास हाच जगातल्या सगळ्या व्यवहारांचा पाया आहे, असं बालाघाटच्या आमच्या पोस्टमास्तरांचं ठाम मत होतं, आणि ते ऐकवल्याशिवाय ते कुणाला साधं कार्ड विकत नसत. लोकांना लिहायला ठेवलेल्या टाकाला मात्र त्यांनी सुतळी बांधून ती भिंतीतल्या खिळ्याला अडकवली होती.

गृहस्थ मूळचे नागपूरचे. राज्यांची फेररचना झाली तेव्हा नोकरीसकट ते मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेलं. या प्रकाराबद्दल कुणीतरी आपली रीतसर माफी मागेल, अशी त्यांची काही वर्षं तरी अपेक्षा असावी. माफी आली नाही, तेव्हा त्यांनी पोस्टाच्या नियमांच्या जाड पुस्तकाशी संसार थाटला. मराठी इतकं शुद्ध बोलत, की आमच्याकडचा शेतकरी ते ऐकून हिंदीत उत्तर द्यायचा.

मी तेव्हा बालाघाटातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो आणि स्टेशनाजवळ एका खोलीत राहत होतो. छोटी रेल्वे आली की माझ्या खिडकीचे गज थरथरत आणि गावातल्या निम्म्या लोकांची छातीही. कारण त्या गाडीनं डाक यायची, आणि डाकेत व्ही.पी. असायची.

आज कुणाला सांगून पटणार नाही, पण साठ-सत्तरच्या दरम्यान व्ही.पी. ही आमच्याकडे जत्रेपेक्षा मोठी गोष्ट होती. बालाघाटच्या बाजारात धान, लाख, मोह, बांगड्या आणि खिळे सोडून फारसं काही मिळत नव्हतं. पण मासिकांच्या शेवटच्या पानांवर सगळं जग छापलेलं असे. मनगटी घड्याळं, ट्रान्झिस्टर, उंची वाढवायची उपकरणं, घरबसल्या इंग्रजी. मासिक हातात आलं की आम्ही ते मागून वाचायचो. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असे की पैसे आत्ता पाठवू नका, फक्त कार्ड टाका. वस्तू आल्यावर पोस्टाच्या हाती पैसे द्या. पोस्ट पैसे घेऊन पार्सल देणार आणि ते पैसे मनिऑर्डरीनं विकणाऱ्याकडे पाठवणार. गिऱ्हाईक सुरक्षित, दुकानदार सुरक्षित, मधे साक्षात भारत सरकार. कागदावर यात कुणी फसू शकत नव्हतं.

अडचण एवढीच होती, की पार्सल कापडात शिवलेलं आणि लाखेनं बंद केलेलं असे, आणि पैसे दिल्याशिवाय शिवण उसवता येत नसे.

इस्पितळातल्या कंपाउंडरनं ट्रान्झिस्टर मागवला तेव्हा त्यातून अर्धी वीट निघाली. विटेभोवती कापूस चांगला जाड होता; प्रवासात तिला इजा होऊ नये म्हणून. एका वनखात्याच्या बाबूनं हार्मोनियम मागवली तर बासरी आली. सोबतचं शिकायचं पुस्तक मात्र हार्मोनियमचंच होतं. तेव्हापासून गावात एक रीत पडली. व्ही.पी. कुणी घरी नेत नसे. पैसे भरायचे आणि तिथंच पोस्टाच्या ओसरीवर, चार माणसांसमोर फोडायची. चारांची चाळीस व्हायला वेळ लागत नसे. लोक डबे घेऊन यायचे.

पोस्टमास्तरांचा या रीतीला पाठिंबा होता, कारण त्यांच्या पुस्तकात एक कलम होतं. पार्सल उघडल्याबरोबर फसवणूक दिसली आणि लगेच लेखी तक्रार झाली, तर पैसे विकणाऱ्याला न पाठवता अडकवून ठेवता येत. हे कलम त्यांना पाठ होतं. ते म्हणताना त्यांचा आवाज खाली जायचा, देवघरात जातो तसा. पण ते वापरायची संधी कुणी देत नव्हतं. आपण मूर्ख बनलो असं सरकारी कागदावर सही करून कोण देणार? कंपाउंडर म्हणाला होता, "राहू द्या जी. चुलीले एक वीट लागतच होती."

अशा दिवसांत माझ्या काकांनी राणीचे केस मागवले.

काका हट्टा गावाच्या वाटेवरच्या आमच्या खेड्यात शेती करत. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाळणे, आणि रात्री गावकऱ्यांचं नाटक. आमच्या मंडळाच्या नाटकात राजे बदलत, ऋषी बदलत, पण राणी म्हणजे काकाच. लग्नाआधीपासून ते राणी होते. त्यासाठी बारा महिने मिशी न ठेवणारा त्या पंचक्रोशीतला तो एकच शेतकरी असावा. गावातल्या नव्या सुना लुगड्याच्या निऱ्या कशा घ्याव्यात हे सासूला न विचारता काकांना पाहून शिकत. काकू म्हणायची, "माह्यापेक्षा याईलेच लुगडं शोभते. मले तर वाटते मीच वावरात जाव आन् याईनं घरी बसाव."

पण काकांचे केस गेले. आधी कपाळ वाढलं, मग ते वाढतच राहिलं. मागे लांब गंगावन जोडून वेणी करता येत होती, पण पुढं जोडायला काही उरलं नव्हतं. त्याच सुमारास सरपंचांचा भाचा गोंदियाहून परत आला. कॉलेज अर्धवट होतं, पण केस मानेपर्यंत पूर्ण होते. तो मंडळाच्या बैठकीत एवढंच म्हणाला, "काकाजी, राणी अब जवान चाहिए." बैठकीतले चारदोन पंच छताकडे पाहू लागले.

काकांनी तिथंच खिशातून जाहिरातीचा कागद काढला. नाटकाचं सामान पुरवणारी उत्तरेकडची एक कंपनी होती. राणीचा केसांचा टोप, अस्सल केसांचा, व्ही.पी.नं.

भाचा म्हणाला, "वीट आली तं?"

"आली तं पैसे मी भरीन," काका म्हणाले. "मंडळाची वर्गणी बुडू देणार नाई. आन् पार्सलात राणीचे केस नाई निघाले, तर लुगडं तुह्या हवाली."

"पंचांसमोर बोलले बरं."

"हौ, पंचांसमोर."

कार्ड काकांनी स्वतः हिंदीत लिहिलं. गावात पोस्टमन फक्त बाजाराच्या दिवशी येई, म्हणून पत्ता माझ्या खोलीचा दिला. त्यामुळे झालं असं, की भूगोलाचे तास घेताना माझं अर्धं लक्ष सहारा वाळवंटात आणि अर्धं गाडीच्या शिटीकडे असायचं. मी या प्रकरणात तटस्थ आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो. पार्सल आल्याची पोस्टाची सूचना आली त्या दिवशी मात्र मी वर्ग तसाच सोडून हट्ट्याकडे जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरला गाठलं आणि निरोप पाठवला.

दिवाळी तोंडावर होती. काका दुसऱ्या दिवशी हलक्या, म्हणजे लवकर निघणाऱ्या धानाची गाडी घेऊन आले. धानाच्या पोत्यांवर काकू बसली होती आणि मंडळाचा साक्षीदार म्हणून सरपंचांचा भाचा. धान अडत्याकडे उतरवून ते थेट पोस्टात आले, तेव्हा ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. नाटकाचं पार्सल आलंय हे पोस्टमननं सकाळीच बाजारभर सांगून टाकलं होतं.

पार्सल टेबलावर आलं. पांढऱ्या कापडात शिवलेलं, साधारण भाकरीच्या टोपलीएवढं. काकांनी ते दोन्ही हातांत तोललं, कानाशी हलवलं, हुंगलं.

"लई हलकं आहे," भाचा म्हणाला.

"केस का लोखंडाचे राह्यतेत?" काकू म्हणाली.

"पैसे भरा आणि पार्सल घ्या," पोस्टमास्तर म्हणाले. "रांग खोळंबली आहे." रांगेतल्या कुणालाही खोळंबल्यासारखं वाटत नव्हतं.

तेव्हा काकांनी बंडीच्या आतून परखी काढली.

ज्यांनी धान विकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. परखी म्हणजे एका बाजूनं टोकदार, पोकळ लोखंडी नळी. अडत्या ती बंद पोत्यात खुपसतो आणि ओढून काढतो, तेव्हा आतलं मूठभर धान नळीत येतं. ते तळहातावर चोळून, दातांखाली फोडून तो भाव सांगतो. आमच्याकडच्या शेतकऱ्यानं जन्मभर आपल्या पोत्यांत दुसऱ्याची परखी शिरताना पाहिलेली असते. काकांच्या हातात ती पहिल्यांदाच आली होती. अडत्याकडून त्यांनी ती घटकाभरासाठी मागून आणली होती, आणि ती धरायची त्यांची तऱ्हा पाहून मला वाटलं, राजदंड हातात आलेले राजेही असेच उभे राहत असतील.

"हे काय आहे?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"परखी, साहेब. मारून पाहतो, माल बराबर असला का पैसे देतो."

"पार्सलात? अशी परवानगी नाही."

"काहून नाही? अडत्या माह्या पोत्यात परखी मारते, धान तोंडात टाकते, मंग भाव बोलते. आजवर मी त्याले म्हणलं का, आधी पैसे दे, मंग पोतं पाह्य?"

"पोतं आणि पार्सल यांत फरक आहे. हे पार्सल सध्या सरकारच्या ताब्यात आहे."

"सरकार बी धान घेते, साहेब. सरकार बी परखी मारते."

ओसरीवरून "हौ ना जी" असा मोठा आवाज उठला. पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. वादात कोंडी झाली की ते कधी माणसाशी बोलत नसत, पुस्तकाकडे जात. "नियमात पाहावं लागेल," असं म्हणून ते आतल्या खोलीत गेले. जाताना पार्सल कपाटात ठेवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. दोन टाक्यांच्या मधली सैल जागा बोटानं चाचपली आणि परखी इतक्या हळुवारपणे आत सरकवली, की कापडाला सुरकुती पडली नाही. ओसरीवरची माणसं टाचा उंचावून पाहू लागली. मी तर टेबलाची कडच धरली होती. परखी बाहेर आली. तिच्या पोकळीत काळेभोर, कुरळे, लखलखीत केस होते.

काकांनी ते उजेडात धरले. बोटांत चोळले. मग सवयीनं दातांखाली धरून पाहिले.

"अस्सल आहे," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाच्याचा चेहरा पडला, पण त्यानंही केस हातात घेऊन पाहिले आणि मान हलवली. पोस्टमास्तर पुस्तक उघडं धरून परत आले. "नियमात अशी तरतूद आढळत नाही," ते म्हणाले.

"राहू द्या, साहेब. आता लागत बी नाही," काका म्हणाले आणि त्यांनी वर्गणीचे पैसे टेबलावर ठेवले.

शिवण काकूनं उसवली. आतून हिंदी वर्तमानपत्र निघालं. वीट नाही. मग पातळ गुलाबी कागद निघाला, तेव्हा मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यांवर चढले. काकूनं कागद उलगडला आणि आतली वस्तू दोन बोटांनी वर धरली.

ती दाढी होती. फार सुंदर दाढी होती. काळी, दाट, छातीपर्यंत पोचणारी, कानांवर अडकवायला दोन्ही टोकांना दोऱ्या असलेली. सोबत एक मिशीही होती.

परखीनं खोटं सांगितलं नव्हतं. केस अस्सलच होते. फक्त अंगाच्या दुसऱ्या भागाचे होते.

"काकाजी," भाचा हलक्या आवाजात म्हणाला, "ये तो दाढी है." मग त्याला कंठ फुटला. "आता लुगडं माह्याजवळ द्या आन् तुमी ऋषीचं काम घ्या. आपल्या ऋषीची दाढी अंबाडीची आहे, लई खाजते म्हणे."

काकांनी परखी बंडीत परत ठेवली.

त्या ओसरीवर आनंदी असा एकच माणूस होता. "फसवणूक," पोस्टमास्तर म्हणाले. लोक 'मुलगा झाला' म्हणतात त्या आवाजात म्हणाले. त्यांनी पुस्तकात न पाहता कलम सांगितलं, पूर्ण सांगितलं. पैसे त्यांनी वेगळे काढून वर दगड ठेवला. संध्याकाळच्या डाकेनं मनिऑर्डर निघणार होती. तोवर तक्रार आली की पैसे इथंच थांबतील, चौकशी होईल, परत मिळतील. तक्रारीचा मसुदा ते स्वतः करून ठेवतील. काकांनी फक्त दाढी पोस्टात जमा करायची आणि सही करायची, की राणीच्या केसांऐवजी पुरुषाची दाढी आली.

"हौ, करून टाका सही," भाचा म्हणाला. "मंडळाचे पैसे बी वापस, आन् साराच निकाल."

निकाल कसला ते सगळ्यांना कळत होतं. सही केली तर वर्गणी परत मिळणार, पण सरकारी कागदावर लिहिलं जाणार की ते राणीचे केस नव्हते. मग पंचांसमोरच्या बोलण्याप्रमाणे लुगडं भाच्याचं. सही नाही केली तर पैसे कंपनीला जाणार, ते काकांनी धानातून भरायचे, आणि हातात दाढी.

आम्ही माझ्या खोलीवर आलो. काका ट्रंकेवर बसले. मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. मी त्यांना सांगितलं की पैसे परत मिळणं ही काही लहान गोष्ट नाही, बालाघाटात असं आजवर झालेलं नाही. शिकलेला माणूस अशा वेळी असंच काहीतरी बोलतो.

"गुरुजी," काका म्हणाले. मी मास्तर झाल्यापासून ते मला थट्टेनं असं म्हणत. आता थट्टा नव्हती. "सालभर मी कोणाचा कोण आहे? अडत्या म्हणते बूढा, पटवारी म्हणते बूढा. मंडईच्या रोजी मी येतो तं राजा उठून उभा राह्यते."

काकू खाली बसून दाढीचे केस फणीनं विंचरत होती. गुंता दिसला की तिला राहवत नसे. "माल चांगला आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, "अवो, इकडं या."

"कायले?"

"या तं."

तिनं दाढी घेतली, उलटी केली, तिचा पट्टा काकांच्या कपाळावर धरला आणि दोऱ्या कानांमागे अडकवल्या. जी वस्तू या कानापासून त्या कानापर्यंत हनुवटीखालून जाते, ती डोक्यावरूनही जातेच. केस मागे पडले. काकूनं मधोमध भांग पाडला, दोन्हीकडे फणी फिरवली, पिशवीतून दिवाळीसाठी घेतलेलं नवं लुगडं काढलं आणि त्याचा पदर भांगाच्या मागे डोक्यावर ठेवला. मागे उघडं टक्कल होतं, पण ते पदराखाली. आणि राणीच्या डोक्यावरून पदर कधी घसरत नाही.

मी आरसा दिला. काकांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कुंकू आहे का?" त्यांनी विचारलं.

"माह्याजवळ नसन तं कोणाजवळ असन?" काकू म्हणाली.

डाक निघायला थोडाच वेळ उरला होता. काकांनी तिथंच बंडी-धोतरावर लुगडं चापूनचोपून नेसलं आणि आम्ही निघालो. बालाघाटच्या बाजारातून मी अनेकदा गेलो आहे, राणीबरोबर एकदाच. काका रस्त्यावर चालत नव्हते, दरबारात प्रवेश करत होते. सायकलवाले खाली उतरले. मिठाईच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले. मी तटस्थ होतो, पण जवळजवळ पळत होतो आणि लोकांना बाजूला व्हायला सांगत होतो.

पोस्टाची ओसरी अजून भरलेलीच होती. पोस्टमास्तर टेबलाशी मान घालून मसुद्याची सुवाच्य प्रत करत होते. काका आत शिरले, पदर नीट केला आणि त्यांच्यासमोर खाली मान घालून उभे राहिले. पोस्टमास्तरांनी वर पाहिलं. त्या माणसानं कुणाला खुर्ची दिलेली मी पाहिली नव्हती. शाळेच्या हेडमास्तरांनाही नाही. ते अर्धवट उठले, स्वतःच्या बाजूची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा बाई. काय काम होतं?"

काका बसले. दरबाराच्या प्रवेशातल्या आवाजात म्हणाले, "महाराज, आमची काहीच तक्रार नाही."

मग जो हशा उठला त्यानं तारेचं यंत्र चालवणारा बाबू आतून धावत आला. पोस्टमास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी आधी राणीकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या काकूकडे, मग राणीच्या कपाळाकडे.

"ही दाढी आहे," ते म्हणाले.

"राणीचे केस आहेत."

"दाढी आहे. सोबत मिशी होती."

"मिशी अलग निघते."

"हे पाहा, तुमची फसवणूक झालेली आहे."

"नाई झाली, साहेब."

"झालेली आहे. मी मसुदा केला आहे."

"साहेब," काका आता स्वतःच्या आवाजात म्हणाले, "दाढी असती तं तुमी मले बाई म्हणले असते का?"

"ते अनवधानानं झालं."

"मंडईत लोक बी अनवधानानंच पाह्यतेत. त्याईले का पुस्तक पाहाचं आहे?"

पोस्टमास्तर सरपंचांच्या भाच्याकडे वळले. तो मंडळाचा साक्षीदार होता. त्यानं सही केली तरी चालेल, असं त्यांनी सुचवलं. भाचा पुढे आला. सगळी ओसरी त्याच्याकडे पाहत होती, कारण लुगडं आता त्याच्या एका सहीवर होतं. त्यानं काकांभोवती एक फेरी मारली. वाकून भांग पाहिला, कानांमागच्या दोऱ्या पाहिल्या.

"मांगचं टक्कल कुठी गेलं?" त्यानं विचारलं.

"पदराखाली."

"आन् नाचात पदर सुटला तं?"

"इतक्या वर्षांत माहा पदर सुटलेला पाह्यला कोणी?"

भाचाही नाटकवाला होता. खोटं कुठं चांगलं जमलंय हे त्याला दिसत होतं. "मी सही नाई करत जी," तो पोस्टमास्तरांना म्हणाला. "मले तं राणीच दिसून राह्यली." मग काकांना म्हणाला, "पर मिशी मले द्या."

डाकेची पिशवी बांधायची वेळ झाली होती. पोस्टमास्तरांनी पैशांवरचा दगड उचलला. मनिऑर्डर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली, आणि इतक्या सावकाश लिहिली, की काका मधेच बदलतील अशी त्यांना अजून आशा असावी. काका बदलले नाहीत. छोट्या रेल्वेची शिटी झाली, पिशवी गेली आणि लोकांनी काकांना खुर्चीसकट ओसरीवर आणलं. दिवाळी चार दिवस लवकर आल्यासारखं झालं होतं. कुणीतरी बत्तासे वाटले. काकांनी लुगडं उतरवून काकूला दिलं, तेव्हा ती म्हणाली, "आता राहू द्या तुमच्याजवळ. माह्यावर थे एवढं खुलणार नाई."

मंडईला पोस्टमास्तर आले. तिकीट काढून आले आणि पुढच्या रांगेत बसले. राणीचा प्रवेश झाला तेव्हा राजा उठून उभा राहिला, प्रधान उभे राहिले आणि दारावर सरपंचांचा भाचा द्वारपाल म्हणून भालदाराच्या थाटात उभा होता; मिशी त्याला चांगली दिसत होती. पदर सुटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजूबाजूच्या गावांच्या मंडळांची माणसं कंपनीचा पत्ता विचारायला काकांच्या घरी आली. काकांनी तो दिला, आणि कार्डात नेमकं काय मागवायचं तेही नीट समजावून सांगितलं. त्या मोसमात आमच्या बाजूनं त्या कंपनीकडे राणीसाठी बऱ्याच दाढ्या मागवल्या गेल्या.

वर्षअखेरीला पोस्टमास्तरांना वरच्या कचेरीकडे एक तक्ता पाठवावा लागे. त्यात व्ही.पी.तल्या फसवणुकीच्या तक्रारींसाठी वेगळा रकाना होता. बालाघाटसमोर त्यांनी त्याही वर्षी 'निरंक' असं लिहिलं.